टचपॅड गेलं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"काल रात्रीपर्यंत चालत होतं. सकाळी लॅपटॉप उघडला तर बाण जागचा हलेना. टचपॅड गेलं का?"

ओळखीच्या लोकांचे लॅपटॉप बघून देतो, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो. पाठोपाठ दुसराही येतोच: नवीन टाकायला किती येईल? त्याचं उत्तर देण्याआधी मी प्रत्येकाला एकच गोष्ट करायला सांगतो. लॅपटॉप बंद करा, सपाट टेबलावर ठेवा आणि खाली वाकून त्याच्या कडेने बघा.

असं का सांगतो त्याला कारण आहे. माझ्या भाचीने तिचा लॅपटॉप आणला तेव्हा तक्रार एवढीच होती की डावं क्लिक कडक झालंय. "मामा, जोरात दाबलं की चालतं," म्हणाली. टेबलावर ठेवला तर तो डुगडुगायला लागला. पॅडची एक कड चौकटीच्या वर आली होती. खालचं झाकण काढलं, तर बॅटरीचा एक कप्पा उशीसारखा टम्म फुगलेला. गेले कित्येक दिवस ती रोज त्याच्यावर अंगठ्याने जोर देत होती. माझे हातपाय गार पडले.

बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी तळहात टेकतो त्या भागाखाली, म्हणजे पॅडच्या अगदी लगत असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा कायम चार्जिंगला लावून ठेवली की आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होऊ शकतो. बॅटरीची पिशवी फुगते आणि पॅडला खालून ढकलते. पॅड वर आलेलं दिसलं, तर बाकी काहीही करून बघू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंदच ठेवा. फुगवटा दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही, कारण ती पेट घेऊ शकते. जाणकाराकडून बॅटरी बदलून घ्या, आणि जुनी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

सगळं सपाट असेल तर जिवात जीव आला म्हणायचं. टचपॅडमध्ये फिरणारं, झिजणारं असं फारसं काही नसतं. १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० या लॅपटॉपच्या मालिकेत ते आलं, त्याआधीच्या पॉवरबुकमध्ये ट्रॅकबॉल असायचा आणि त्या गोळ्याखाली मळ साठायचा. पॅडच्या पृष्ठाखाली बारीक विद्युत क्षेत्र असतं, बोट टेकलं की ते बदलतं, आणि तेवढा बदल लॅपटॉप वाचतो. माझ्या पाहण्यात तरी पॅड स्वतः क्वचितच मरतं. कुणीतरी ते बंद केलेलं असतं, नाहीतर लॅपटॉपला ते दिसत नसतं.

बंद कसं होतं? वरच्या एफ-कळांच्या ओळीत एका कळीवर पॅडचं छोटं चित्र असतं. आवाज कमी-जास्त करताना ती चुकून दाबली जाते. ती पुन्हा दाबा, नाही जमलं तर एफएन धरून दाबा. तरीही काही होत नसेल तर विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबून सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'च्या आत टचपॅडचं पान आहे. माउस नसला तरी अडत नाही, टॅबने पुढे सरकता येतं आणि स्पेसबारने बटण चालू-बंद होतं.

याच पानावर एक चौकोन असतो: माउस जोडलेला असतानाही टचपॅड चालू ठेवायचं का? एका मित्राने चार दिवस पॅड गेलं म्हणून काढले. त्याच्या लॅपटॉपच्या उजव्या बाजूला नखाएवढा काळा तुकडा खोचलेला होता, वायरलेस माउसचा रिसीव्हर. माउस कधीच कपाटात गेला होता, पण लॅपटॉपच्या लेखी तो जोडलेलाच होता. तुकडा उपसला आणि बाण हलला. तेव्हापासून यूएसबीची भोकं बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सेटिंग्जमध्ये टचपॅडचं पानच नसेल, तर लॅपटॉपला पॅड दिसत नाहीये. आधी पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग सुरू करा. नाहीच झालं तर विंडोजची कळ आणि एक्स, मग एम दाबून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपच्या भागांची यादी, उघडा. अपडेटनंतर बिघडलं असेल तर पॅडचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला पॅड चालवायला लागणारा छोटा प्रोग्राम, तिथून मागच्या आवृत्तीवर नेता येतो. नवा घ्यायचा झाला तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्याच साइटवरून, आपला मॉडेल नंबर बघून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या प्रोग्रामांना कृपा करून हात लावू नका.

आणखी एक खूण उपयोगी पडते. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, पॅडने बाण हलतो. तिथे हलला आणि विंडोजमध्ये नाही, तर पॅड ठणठणीत आहे, दोष सॉफ्टवेअरचा. बायोसमध्येच पॅड बंद ठेवलेलं नाही ना, तेही तिथेच बघून घ्या. चार्जर लावल्यावरच बाण उड्या मारत असेल, तर तो काढून बघा. अर्थिंग नसलं की असं होतं. बोटं ओली असली तरीही होतं.

इतकं करूनही हललं नाही, तर पॅडपासून लॅपटॉपच्या मुख्य बोर्डापर्यंत जाणारी कागदासारखी पातळ पट्टी सैल झालेली असू शकते. ती बसवायला लॅपटॉप खोलावा लागतो, म्हणून सवय नसेल तर ते काम दुसऱ्याला द्या. पण देताना "टचपॅड बदला" असं सांगू नका. "आधी पट्टी बघा" म्हणा.

भाचीच्या लॅपटॉपला फक्त नवी बॅटरी बसवली. पॅड तेच, जुनंच. झाकण लावून तिच्याकडे दिला, तर सवयीने तिने अंगठा रोवायला घेतला. मी म्हटलं, नुसतं टेकव. तिने टेकवला, आणि क्लिक झालं.