आमची वाटचाल: गठ्ठ्यांपासून टॅबपर्यंत

२०११ साली पुण्यात, सदाशिव पेठेतल्या दीड खोलीत मी आणि बायकोने फॉर्म पंचिंग सुरू केलं. रुग्णांनी भरलेल्या जीवनमानाच्या, म्हणजे आजारपणात जगणं कसं चाललंय हे विचारणाऱ्या, प्रश्नावल्यांचे गठ्ठे यायचे. एसएफ-३६ चे ३६ प्रश्न, कर्करोगाच्या रुग्णांसाठीच्या क्यूएलक्यू-सी३० चे ३०. डबल एंट्री असायची: तोच फॉर्म एकदा तिने भरायचा, एकदा मी, आणि जुळलं नाही की कागद पुन्हा काढायचा. ‘थोडा’ आणि ‘बराच’ यांच्या बरोबर मधोमध टिक असली की आमचं भांडण ठरलेलं.

पुढे एका गिऱ्हाइकाने टॅबवर फॉर्म मागितले. कागदावरची नि पडद्यावरची उत्तरं सारखी येतील का, एवढीच त्यांची शंका. ४६ अभ्यास एकत्र तपासणारा २००८ चा आढावा मी वाचला होता. दोन्हींतला सहसंबंध सरासरी ०.९० (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). मी छातीठोकपणे सांगितलं, फरक पडत नाही.

पडला, आमच्याच करणीने. पहिल्या ॲपमध्ये प्रत्येक उत्तर सक्तीचं केलं होतं. एकही जागा रिकामी नाही म्हणून आम्ही खूश! डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत लैंगिक आयुष्याबद्दल एक प्रश्न आहे. कागदावर वयस्कर बायका तो सरळ सोडून द्यायच्या. टॅबवर सगळ्यांचं बोट मधल्या पर्यायावर. न दिलेलं उत्तर आम्ही दिलेलं करून टाकलं होतं. ‘उत्तर द्यायचं नाही’ हे बटण तेव्हापासून आलं.

दुसरा घोळ ईक्यू-५डी या प्रश्नावलीतल्या पट्टीचा; आज तब्येत कशी आहे, ते तिच्यावर खूण करून दाखवायचं. ० ते १००, कागदावर २० सेंटिमीटर उभी. आमच्या पोराने मोबाइलवर ती अशी बसवली की शून्य पडद्याखाली गेलं. खाली सरकवायचं कुणाला सुचणार? दिसेल तिथे लोक बोट टेकवत होते. ती आवृत्ती रद्द केली, पैसे आमच्या खिशातून गेले.

म्हणून काही कागद साधुसंत ठरत नाही. २००२ मध्ये एका अभ्यासात वेदनेच्या डायरीची फाइल कधी उघडली हे कळावं म्हणून तिच्यात प्रकाश टिपणारा सेन्सर लपवला होता. रुग्णांच्या कागदांप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर; प्रत्यक्षात ११ टक्के. (सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पुरी करणाऱ्यांनी हसू नये.) टॅबवर वेळ आपोआप पडते, ही लबाडी चालत नाही.

मला चुकल्यासारखं वाटतं ते समासाचं. ‘पाय दुखतो, मुलाला सांगू नका,’ असं कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं. आता आम्ही शेवटी एक मोकळी चौकट देतो. बहुतेक रिकामीच येते. परवा एका आजोबांनी त्यात लिहिलं, ‘अक्षर मोठं करा.’ केलं.