लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना मी काय काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं

माझं लग्न ठरलं तेव्हा हॉल बाबांनी बघितला, आचारी मामांच्या ओळखीचा निघाला, बस्ता आई आणि आत्याने दोन दिवसांत उरकला आणि माझ्या वाट्याला आला फोटोग्राफर. का तर मी पुण्यात नोकरीला, "तुला त्यातलं कळतं". कळत काही नव्हतं. फक्त मावसबहिणीच्या लग्नात जे झालं ते आपल्याकडे होऊ द्यायचं नाही एवढं डोक्यात पक्कं होतं.

तिच्याकडे काय झालं, तर स्टुडिओत ज्याने गोड बोलून अल्बम दाखवले, चहा पाजला, तो माणूस लग्नाला आलाच नाही. दोन पोरं आली, त्यांना नवरीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. मुहूर्त दाट होता आणि त्याने एकाच दिवशी तीन ऑर्डरी घेतल्या होत्या. अंतरपाट निघाला तेव्हा कँडिडवाला, म्हणजे पोझ न देता सहज फोटो टिपणारा, जेवणाच्या हॉलमध्ये रांगोळीचे फोटो काढत होता. हार घालतानाचा एकच फोटो आहे आणि त्यात अर्ध्या फोटोभर शूटिंगवाल्याची पाठ. मावशी अजूनही तो अल्बम पाहुण्यांना दाखवताना ते पान पटकन उलटते.

म्हणून माझा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच होता, दादा, लग्नाच्या दिवशी कॅमेरा कुणाच्या हातात असणार? पाच जणांना भेटले, दोन कराडचे, तीन पुण्याचे. त्यातल्या तिघांचं उत्तर "ताई, आमची टीम आहे, काळजी करू नका". टीम म्हणजे बऱ्याचदा त्या दिवसापुरती बोलावलेली मुलं, त्यात चूक काही नाही, सीझनला सगळेच करतात. पण मग त्या मुलांचं काम दाखवा ना, तुमचं कशाला दाखवता? एक जण यावर जरा चिडलाच. मी त्याला यादीतून काढून टाकलं.

दुसरं, इन्स्टाग्राम बघून ठरवायचं नाही. तिथे चाळीस लग्नांतले निवडक चाळीस फोटो असतात, तेही नदीकाठी, संध्याकाळच्या उन्हात. आमचं लग्न भर दुपारी बंद हॉलमध्ये, वर ट्यूबलाइट आणि स्टेजवर डेकोरेशनवाल्याचे जांभळे एलईडी. म्हणून म्हटलं, अशाच हॉलमधल्या एका लग्नाचं पूर्ण फोल्डर दाखवा, सकाळपासून वरातीपर्यंत. दोघांनी दाखवलं. त्यात मी नवरीचे फोटो बघितलेच नाहीत, गर्दीतले बघितले. म्हाताऱ्या बायका कशा आल्यात, पंगतीतले चेहरे काळे पडलेत का, अक्षतांच्या वेळी हललेत का. आणि एक गोष्ट लगेच लक्षात आली की एकाच्या फोल्डरमध्ये सगळे गोरेपान! नवरी गोरी, नवरा गोरा, नवऱ्याचा शेतकरी चुलता पण गोरा. मी चांगली सावळी आहे. त्याला सरळ विचारलं, माझा रंग उजळवणार का? तो म्हणाला "ताई, आपण छान करून देऊ". छान म्हणजे काय ते मला कळलं. ज्याला शेवटी ठरवलं त्याने उत्तर द्यायच्या आधी उलट मला विचारलं की शालू कुठल्या रंगाचा आहे आणि मागचा पडदा कुठल्या रंगाचा, कारण लाल पडदा असला की सावळ्या चेहऱ्यावर त्याची झाक येते आणि मग एडिटिंगला माणूस चेहराच पांढरा करून टाकतो. तिथेच माझं नक्की झालं. डेकोरेशनवाल्याला सांगून आम्ही मागे मोतिया रंग करून घेतला.

पैशाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. कराडमध्ये 45 हजारांपासून ऐकलं, पुण्यातल्या एकाने सव्वादोन लाख सांगितले. आमचं 95 हजारांत ठरलं, हळद आणि लग्न दोन्ही, फोटो, व्हिडिओ, कँडिड, एक छोटी सिनेमॅटिक फिल्म आणि एक अल्बम. पण हा आकडा ऐकून थांबायचं नाही, यात काय काय नाही ते विचारायचं. 18 टक्के जीएसटी वेगळा का, गाडीभाडं, राहायची सोय, अल्बमची शीट किती आणि वाढली तर एका शीटला किती. माझ्या सासरच्यांना पण अल्बम हवा होता, दुसऱ्या कॉपीचे पैसे वेगळे निघाले, ते आधी विचारलं म्हणून कळलं. आणि ड्रोन! प्रत्येक पॅकेजमध्ये ड्रोन. अहो हॉलला छत आहे, ड्रोन काय पत्र्याचं शूटिंग करणार? शिवाय 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं, ते आहे का म्हटल्यावर विषय आपोआप मिटला. ड्रोन काढायला लावला, आठ हजार कमी झाले.

आता खरा गोंधळ. आमच्याकडे नवरीकडचा एक आणि नवऱ्याकडचा एक असे दोन फोटोग्राफर यायची पद्धत आहे, आणि सासरे म्हणाले की सोलापूरचा आमचा नेहमीचा माणूस येईलच. दोन टीम म्हणजे स्टेजवर सहा माणसं कॅमेरे घेऊन, लाइट एकमेकांच्या तोंडावर, "इकडे बघा", "नाही, इकडे बघा", आणि बसलेल्या लोकांना नवरा-नवरी दिसतच नाहीत. मी होणाऱ्या नवऱ्याला मध्ये घातलं, दोन्ही फोटोग्राफरना एकमेकांचे नंबर दिले. त्यांनी फोनवरच ठरवलं की हळद ज्याची त्याच्याकडे, अक्षतांना आमचा माणूस डावीकडून, त्यांचा उजवीकडून आणि मधली वाट मोकळी. हे फोटोग्राफर ठरवायच्या आधीच घरच्यांशी बोलून घ्या, नंतर मानापमान सुरू होतात.

अक्षतांबद्दल मी जरा जास्तच डोकं खाल्लं त्याचं. कारण शेवटचं "सावधान" झालं की वीसेक सेकंदांत सगळं होतं. अंतरपाट निघतो, बँड सुरू, मामा उचलतात, हार, अक्षतांचा पाऊस आणि स्टेजवर पोरांची झुंबड. ती वीस सेकंद तू नेमका कुठे उभा असशील, हे कागदावर चौकोन काढून विचारलं. आणि गुरुजींना थांबवून "परत एकदा हार घाला" म्हणायचं नाही, हेही सांगितलं. एका लग्नात गुरुजी यावरून चक्क उठून गेलेले मी बघितलेत, समजूत काढायला अर्धा तास.

त्याने पण मला दोन प्रश्न विचारले जे मला सुचले नसते. एक, अक्षतांच्या आधी सत्कार किती आहेत? आमच्या भागात सत्कार आणि भाषणं म्हणजे मुहूर्त टळून गेला तरी माईक सुटत नाही, आणि त्या सगळ्यांना शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो हवा असतो. त्यासाठी त्याने एक साधा फोटोग्राफर वेगळा ठेवला. दुसरं, घरातलं असं कोण आहे जे लवकर जाणार? मी म्हटलं आजी, 84 वर्षांची, दोन तासांवर बसवत नाही. म्हणाला तिला दहा वाजता गौरीहरापाशी आणा. आणली. आजीचे सगळे चांगले फोटो त्या पंधरा मिनिटांतले आहेत, साडेबाराच्या अक्षता होईपर्यंत ती खुर्चीत झोपली होती.

डेटाचं विसरू नका. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो जातात का, आणि रात्री निघायच्या आधी कॉपी होणार का. मी एक टीबीची हार्ड डिस्क त्याच्या हातात दिली. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइल, तो देणार नव्हता, ते मी सोडून दिलं, त्या उघडायच्या कशात? जेपीजी सगळे मिळाले, चार हजारांच्या वर.

त्याच्या करारात एक ओळ होती की फोटोंचे हक्क स्टुडिओचे. माझा चुलतभाऊ वकील आहे, त्याने सांगितलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक आपण असतो, पण वेगळा करार केला नसेल तरच. म्हणजे ती एक सही केली की गेलं. आम्ही ती ओळ खोडून असं लिहिलं की इन्स्टाग्रामवर टाकायचे फोटो आधी मला दाखवायचे. त्याने काही कुरकुर केली नाही, मीही पुढे वीस फोटोंना हो म्हटलं.

विचारायचं राहिलं ते जेवणाचं. त्यांच्या सहा जणांची ताटं केटररला सांगितलीच नव्हती, साडेचार वाजता मुलं नुसता भात आणि मठ्ठा पिऊन उभी होती. मला फार लाज वाटली. आईने मग बुंदीचे लाडू बांधून दिले.

आणि अल्बम? तो अजून आलेला नाही. यात त्याची काही चूक नाही हो. चार हजारांतून दीडशे फोटो निवडून द्यायचे होते, माझे निवडून झाले, सासूबाईंचे दोनशे दहाच्या खाली येत नाहीत, त्यांच्या सगळ्या जावा त्यात हव्यात. लग्नाला सात महिने झाले. दर पंधरा दिवसांनी त्याचा मेसेज येतो, "ताई, सिलेक्शन झालं का?"