माळ्यावरचा मॉनिटर

माळ्यावरचा तो जुना डबडा मॉनिटर काल खाली काढला, बापरे काय वजन! हे वजन उगाच नाही, त्या काचेत चक्क शिसं असतं, मोठ्या मॉनिटरमध्ये तर किलोभराहून जास्तही, म्हणजे उकिरड्यावर फुटला की हळूहळू मातीत नि पाण्यात उतरणार. वायरी तर लोक तांब्यासाठी सरळ जाळतात, वरचं प्लास्टिक पीव्हीसीचं, त्यातून डायॉक्सिन नावाचं जहाल विषारी रसायन निघतं आणि आधी जातं ते जाळणाऱ्याच्याच छातीत. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, रीतसर रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. बाकीचा गेला कुठे? थोडा माझ्या माळ्यावर होता एवढं नक्की :) मॉनिटर अजून दारातच पडलाय, भंगारात द्यायचं धाडस होईना.