मिक्सरवरचा नंबर मिस्त्रीला वाचता आला पाहिजे

चिपळूणला आमचा बांधकामाची यंत्रं भाड्याने द्यायचा धंदा आहे. मिक्सर, नीडल व्हायब्रेटर (ओल्या काँक्रीटमध्ये थरथरती दांडी, म्हणजे नीडल, बुडवून ते बसवायचं यंत्र), ब्रेकर, कॉम्पॅक्टर, पंप, जनरेटर. सामान गुहागर-दापोलीपर्यंत जातं आणि सिमेंटने माखून परत येतं. यंत्रांवर नंबर कसे घालता, असं धंद्यातल्याच काही जणांनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा ठरवायचं की हा नंबर वाचणार कोण. अकाउंटंट वाचतो ती यादी. यंत्रावरचा नंबर वाचतो तो दिवेलागणीला साईटवर टेम्पो भरणारा पोरगा किंवा मिस्त्री, तोही ओल्या हातांनी. त्याला उभ्याउभ्या दिसेल एवढा आकडा हवा. म्हणून यंत्राला लावायच्या आमच्या नंबरपट्टीवर जागेचा मोठा हिस्सा आकड्यालाच दिलाय. खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव, फोन, आणि कडेला क्यूआर कोड. लोगो नाही, पत्ता नाही, खरेदीची तारीख नाही. ते सगळं रजिस्टरला असतं.

नंबरात माहिती कोंबायची हौस अनेकांना असते. यंत्राचा प्रकार, गाव, खरेदीचं साल, मग क्रमांक. दिसायला शिस्तीचं दिसतं. पण चिपळूणचा व्हायब्रेटर गुहागरच्या गोडाऊनला कायमचा गेला की तो नंबर खोटं बोलायला लागतो, आणि मग कुणीतरी मार्करने खोडून नवा लिहितो. आमचे नंबर नुसते ओळीने आहेत. अक्षरं घातलीच नाहीत, त्यामुळे ओ की शून्य, आय की एक, हा घोळच नाही.

आपल्याकडचा खरा घोळ वेगळाच आहे. साईटवरचा मुन्शी चलन मराठी आकड्यात लिहितो. मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ४ चा सहज इंग्रजी आठ होतो. फोनवर तर सदतीस आणि सत्तेचाळीस, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पलीकडे मिक्सर चालू असताना कुणाला कळणार? म्हणून नंबर एकेक आकडा सुटा करून सांगायचा, हा आमच्याकडे नियम आहे. शिवाय शेवटचा आकडा पडताळणीचा ठेवलाय. आधीच्या आकड्यांवरून तो ‘लून’ नावाच्या ठरलेल्या हिशेबाने काढतात. बँकांच्या कार्डांवर हाच हिशेब असतो. एक आकडा जरी चुकीचा टाईप झाला तरी आमची एक्सेल शीट लाल होते. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं. फुकटात होणारं काम आहे, प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायलाच तयार झाला. त्यामुळे तो या कामाला चपखल बसतो, फक्त त्यात लांबलचक वेबपत्ता भरू नका. मजकूर जितका लांब तितके ठिपके बारीक, आणि सिमेंटचा एक शिंतोडा पुरतो. नुसता नंबर भरला तर २१ बाय २१ चौकोनांचा सगळ्यात लहान कोड पुरतो, तोही कोडमधल्या चूक-दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी ठेवून, ज्यात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. भोवती चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडायची. पट्टी लहान पडते म्हणून लोक नेमकी तीच कापतात, आणि मग स्कॅन होत नाही म्हणून मोबाईलला दोष देतात.

आता पट्टी कशाची, हा मुद्दा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमचं गोडाऊनही बुडालं. पाणी ओसरल्यावर सगळ्या यंत्रांवर गाळाचा थर होता. कागदी स्टिकरचा लगदा झालेला. मार्करने लिहिलेलं धुऊन गेलेलं. पण वडिलांनी जुन्या मिक्सरच्या चासीवर नंबर-पंच आणि हातोडीने ठोकलेले आकडे अंगठ्याने गाळ पुसला की स्वच्छ वाचता येत होते. विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा ती यंत्रं यादीशी लगेच जुळली. बाकीच्यांसाठी आम्ही बिलं आणि कंपनीच्या प्लेटा धुंडाळत बसलो.

तेव्हापासून अवजड सामानाला ॲल्युमिनियमची पट्टी, पंच केलेली, चार रिव्हेट मारून. पेट्रोलच्या टाकीजवळ आणि विजेच्या हत्यारांच्या बॉडीला मात्र भोक पाडायचं नाही, आणि कंपनीची प्लेट झाकायची नाही. तिथे पॉलिस्टरचं लेबल, रेझिन रिबनने (लेबल प्रिंटरमधली, न पुसणारी छपाई देणारी फीत) छापलेलं. पावतीसारखा थर्मल कागद उन्हात काळा पडतो किंवा उडतो. लेबलाचे कोपरे गोल कापून घ्या, सोलायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते. जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, चिकटवल्यावर दाबून एक दिवस तरी सामान बाहेर पाठवायचं नाही, कारण गोंद धरायला वेळ लागतो. पॉलिप्रॉपिलीनच्या पेट्यांना साधा गोंद धरतच नाही.

सुटणारा प्रत्येक भाग वेगळा नंबर मागतो. व्हायब्रेटरची मोटर आमची आणि नीडल दुसऱ्याची, हे वारंवार होतं. नीडलला नळीच्या वरच्या लोखंडी कपलिंगवर नंबर कोरतो. काँक्रीटमध्ये बुडणाऱ्या टोकावर काहीही टिकत नाही. उलट सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) प्लेटा आणि जॅक यांना एकेक नंबर देऊ नका. तिथे रंगाचा पट्टा आणि वेल्डिंगने मारलेली आद्याक्षरं पुरतात, बाकी हिशेब नगावर.

यंत्र भंगारात गेलं की पट्टी काढून घेतो आणि तो नंबर कायमचा बंद करतो. जुनी चलनं, डिपॉझिटं, दुरुस्तीची बिलं त्याच नंबरावर असतात. नव्या मिक्सरला तो दिला तर कुठलं बिल कुठल्या मिक्सरचं, हे सांगणारं कुणी उरत नाही.