छातीवरची पिसं कुठे गेली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारा प्रत्येक माणूस, अगदी सिलिंडर द्यायला आलेला सुद्धा, माझ्या शंभूच्या, म्हणजे माझ्या काकाटूच्या (पांढरा, तुरेवाला मोठा पोपट) पिंजऱ्यासमोर थांबतो आणि हेच विचारतो की ह्याच्या छातीला काय झालं, आणि मग पुढचं ठरलेलं, आजारी आहे का, का खायला नीट देत नाही तुम्ही. तीन वर्षं मी "सवय आहे त्याची" एवढंच म्हणून चहा ठेवायला उठते. आज सगळं सांगते.

पिसं त्याने स्वतःच उपटलीत. चोचीने, एकेक करून. तुरा आणि डोकं तेवढं शाबूत आहे कारण तिथे त्याची स्वतःची चोच पोचत नाही. आणि नाही, रोग नाहीये. काकाटूंमध्ये पिसं आणि चोच खराब करणारा जो व्हायरस असतो त्याची टेस्ट केली, निगेटिव्ह आली. गॅल्वनाइज्ड जाळी कुरतडून अंगात झिंक जातं म्हणून तेही तपासलं, एक्स-रे झाला, लिव्हर झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तेव्हा मला रडूच आलं, कारण काहीतरी सापडलं असतं तर त्यावर औषध तरी असतं.

शंभू अंब्रेला काकाटू. 2019 च्या शेवटी घेतला, साडेतीन महिन्यांचा होता. विकणारा म्हणाला हँडफेड आहे, एकदम माणसाळलेला. तेव्हा हँडफेडचा अर्थ मला फक्त माणसाळलेला एवढाच कळला. इंडोनेशियात हालमाहेरा वगैरे बेटांवर हे झाडाच्या ढोलीत अंडी घालतात, नरमादी दोघं आळीपाळीने उबवतात, पिल्लाला उडायला यायला जवळजवळ तीन महिने लागतात आणि त्यानंतरही ते आईबापांना चिकटून असतं. त्यातलं काहीच शंभूला मिळालं नाही, डोळे उघडले तेव्हा समोर माणसाच्या हातातली भरवायची सिरिंज. हँडफेड म्हणजे हे.

मग मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि पुढची दोन वर्षं तो माझ्या अंगावर वाढला. अक्षरशः अंगावर. मीटिंग चालू असताना टीशर्टच्या आत शिरून बसायचा, फक्त चोच बाहेर, लॅपटॉपवर त्याच्या पिसांची पांढरी पावडर साचायची ती मी बाहीने पुसायचे. मी त्याच्या पाठीवरून, पंखांखालून तासन्तास हात फिरवायचे आणि तो डोळे मिटून थरथरायचा. ते मला प्रेम वाटायचं. पाठीवरून हात फिरवणं म्हणजे वयात येणाऱ्या काकाटूला जोडीदार झाल्याचं सांगणं असतं, हे मी फार उशिरा वाचलं. त्या काळात मी पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर नवीन लोकांना मोठ्या तोऱ्यात लिहायचे, "वेळ द्या, भरपूर कुशीत घ्या, पिसं उपटतात ते दुर्लक्ष केलेले पक्षी." आता ते वाचवत नाही.

2022 मध्ये ऑफिस उघडलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मी बाहेर. पिंजरा मोठा होता, खेळणी होती, नवरा दुपारी जेवायला यायचा, म्हणजे एकटा टाकला होता असं कुणी म्हणू नये. गळ्याखाली दोन-चार पिसं कमी दिसायला लागली, मी म्हटलं पिसं झडायचा सीझन असेल.

आणि मग ऑगस्टमध्ये सांगलीला आईचं खुब्याचं ऑपरेशन. मी अकरा दिवस तिकडे. नवरा त्याच आठवड्यात साइटवर होता, म्हणून शेजारच्या काकूंना किल्ली दिली, त्या दोनदा येऊन दाणापाणी बघायच्या. त्यांची काही चूक नाही, त्यांनी सगळं केलं, फोनवर म्हणायच्या फार ओरडतो गं, आणि मी म्हणायचे ओरडू दे काकू, काकाटू ओरडतातच. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या आज अगदी शहाणा आहे, आवाजच नाही. मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

रात्री साडेदहाला दार उघडलं. हॉलभर पांढरं. पंख्याच्या वाऱ्याने पिसं सोफ्याखाली, देवघराच्या पायरीपर्यंत गेलेली. तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, दांडीवर रक्त वाळलेलं. छाती सोललेल्या कोंबडीसारखी, आणि मधल्या हाडावर रुपयाएवढी जखम, कारण पिसं संपल्यावर त्याने कातडी धरली होती. मला बघून तुरा उभारला नाही. ओरडला नाही. हळूच दांडीवरून सरकत आला आणि माझ्या हाताखाली डोकं घातलं, आणि तसंच डोकं ठेवून परत छातीकडे चोच नेली. मी पाहत असताना. मी चोच धरली, तर थांबला, सोडली की पुन्हा. पहाटेपर्यंत मी तशीच चोच धरून बसले, सकाळी डॉक्टरांनी जखम शिवली आणि गळ्यात कॉलर घातली. सहा आठवडे कॉलर. पहिले दोन दिवस तो दांडीवरून धप्पकन पडायचा, वाटीपर्यंत तोंड पोचायचं नाही, मी चमच्याने भरवायचे. चमच्याने. म्हणजे परत तेच, सिरिंजवालं पिल्लू.

त्यानंतर काय काय बदललं ते ऐकायला सगळ्यांना आवडतं म्हणून सांगते. सूर्यफुलाच्या बिया जवळजवळ बंद, पेलेट्स (पक्ष्यांचं तयार खाणं), मोड आलेले मूग, गाजर, शेवग्याचा पाला. फोडायला शेवग्याच्या फांद्या, करवंट्या, पुठ्ठा, कारण काकाटूला दिवसभर काहीतरी मोडायचंच असतं. रोज पाण्याचा फवारा. रात्री अकरा-बारा तास अंधार. नॉनस्टिक भांडी तर आधीच घालवली होती, तापलेल्या कोटिंगच्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो. पाठीला हात नाही, फक्त डोकं. जखम परत झाली नाही. पिसं मात्र परत भरली नाहीत, नवीन येतात, पण अजून कोवळ्या नळीत असतानाच तो खुडतो.

जोडीला मादी आणा म्हणणाऱ्यांना: पिंजऱ्यातले नर काकाटू मादीची चोच फोडतात, जीवही घेतात, आणि माणसाने वाढवलेल्या नराला ती आपल्या जातीची वाटेल की नाही हेही कुणी सांगू शकत नाही. सोडून द्या म्हणणाऱ्यांना: नाशकात कुठे सोडू? कावळे तासाभरात संपवतील. कागदपत्रं विचारणाऱ्यांना: 2020 मध्ये सरकारने परदेशी पक्षी स्वतःहून जाहीर करायला सांगितलं तेव्हाच परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद केलीये. आणि तो साठ वर्षं जगू शकतो हे मला माहितीये. शिकागोजवळच्या ब्रूकफिल्ड झूमधला कुकी नावाचा काकाटू 83 वर्षांचा होऊन 2016 मध्ये गेला. मी 43 ची आहे. भाचीशी बोलून ठेवलंय, ती हो म्हणालीये, पण ती अठराची आहे, तिच्या हो ला मी किती धरू.

तर कारण काय? ते अकरा दिवस, असं मी वर्षभर म्हणत होते, कारण त्यात आईचं ऑपरेशन होतं आणि त्यावर मला कुणी बोल लावणार नाही. पण गळ्याखालची पिसं त्याआधीच जायला लागली होती. मग वाटतं ऑफिस. मग वाटतं ती दोन वर्षं, टीशर्टमधली, ज्यांना मी माझी सगळ्यात चांगली वर्षं म्हणते. कमी पडले म्हणून झालं की जास्त दिलं म्हणून? डॉक्टर म्हणतात दोन्ही असू शकतं. मला दोन्ही नको असतं, एकच काहीतरी हवं असतं.

आता मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते. रात्री साडेसातला पिंजऱ्यावर चादर टाकायच्या आधी तो गजांमधून डोकं खाली वाकवून ठेवतो, तुऱ्यामागचं खाजवायला. दहाच मिनिटं असं ठरवून मी बसते. कधी दहाला उठते आणि तो तसाच वाकून थांबलेला असतो, कधी पाऊण तास होतो.