तिसरा उद्गार

गुरुवार, १७ एप्रिल २०२५, रात्री

आज चर्चमध्ये पाय धुवून घेतले. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. बारा जणांत माझा नंबर सातवा. पाळकसाहेबांनी गुडघे टेकले, तांब्याने पाणी ओतलं, कमरेच्या टॉवेलने पुसलं आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले. पाणी कोमट होतं.

त्या चोवीस पायांत मळलेला पाय एकही नव्हता. माझे तर नव्हतेच. दुपारी चार वाजता हिने घमेल्यात गरम पाणी आणि मीठ घालून मला मोरीपाशी बसवलं, वज्री घेतली आणि टाचा घासायला लागली. "अहो, एवढे लोक बघणार. टाचा म्हणजे नुसतं नांगरलेलं रान झालंय." माझी पाठ वाकत नाही, म्हणून नखंही तिनेच कापली. ही नर्स आहे. काल तिची नाइट होती, सकाळी नऊला घरी आली, आईचं सगळं आवरलं आणि दोन तास झोपली असेल. म्हणजे पाय धुवायचे ते दुपारीच धुऊन झाले होते. चर्चमध्ये वरून पाणी फिरवलं इतकंच.

ही चर्चला आली नाही. आईजवळ कुणीतरी लागतं.

बारा खुर्च्यांवर बारा पुरुष, हे आमच्याकडे ठरलेलं. शिष्य बारा होते आणि पुरुष होते, असं कारण देतात. रोमन कॅथलिकांमध्ये २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या विधीत स्त्रियांचेही पाय धुवायला मोकळीक दिली, हे मी एकदा कमिटीत काढलं होतं. "आपण त्यांच्यातले नाही," एवढ्यावर विषय संपला आणि चहा आला. चहा कुणी आणला ते लिहायला नको.

उद्या माझ्याकडे तिसरा उद्गार आहे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण वाटून घेतात. तिसरा म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानातला अध्याय १९, वचनं २६ आणि २७. प्रभू आईला म्हणतो, हा तुझा मुलगा. शिष्याला म्हणतो, ही तुझी आई. आणि त्या वेळेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. मला दहा मिनिटं आहेत. मुद्दे रविवारीच काढून ठेवलेत. यातनेतही घरची काळजी, थोरल्या मुलाचं कर्तव्य, घराचा मस्तक कोण, असे. शेवटी आपल्याच घरचं उदाहरण द्यायचं होतं. जानेवारीत आई राहुरीला अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भाऊ "बघू" म्हणत होता. मी बघत बसलो नाही, तिला नाशिकला घेऊन आलो. सांगायला छान आहे.

आता कागद समोर ठेवून बसलोय आणि एका वाक्यावर अडलोय. शिष्याने तिला घरी नेलं. बरं, मग? तिचं अंथरूण कुणी घातलं, दोन वेळचं कुणी रांधलं, रात्री मुलाच्या आठवणीने रडायला लागली तेव्हा उठून कोण बसलं? शुभवर्तमानात यातलं काही नाही.

मी आईला आणलं म्हणजे नेमकं काय केलं? गाडी ठरवली. कॉट घेतली. वॉकर आणि कमोडची खुर्ची भाड्याने आणली. त्यापुढचं सगळं हिच्याकडे गेलं, आणि गेलं हे मला कळलंही नाही. आल्यागेल्याला मी सांगत असतो, "ही नर्सच आहे ना, तिला सवय आहे." सवय! मी बत्तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात काढली, आधी लेथवर, मग सीएनसीवर. घरी आल्यावर "तुम्हाला सवय आहे" म्हणून कुणी माझ्यापुढे एखादा लोखंडाचा जॉब ठेवला नाही.

'मस्तक' हा आम्हा पुरुषांचा लाडका शब्द. लग्नात बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचतात, त्यातलं "पती हा पत्नीचे मस्तक आहे" प्रत्येक नवऱ्याला पाठ. पण मोजून बघा. बायकांना सांगितलंय ते २२ ते २४, तीन वचनं. पुढे २५ पासून ३३ पर्यंत जवळजवळ सगळं नवऱ्यांना, आणि तेही ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला दिलं तसं स्वतःला द्या असं. त्याआधी २१ व्यात सरळ "एकमेकांच्या अधीन असा" आहे. काही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१ मधून उसनं घ्यावं लागतं, हे मला पाळकसाहेबांनी सांगितलं. आम्ही मात्र वाचायला सुरुवात करतो ती २२ पासून.

आमचे आजोबा बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. देव बदलला, नाव बदललं, जेवणाची पंगत बदलली नाही. पुरुष आधी, बाया नंतर. मग कुणीतरी त्या पंगतीला वचन लावून टाकलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आम्ही रविवारी गातो. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना पत्ताही नव्हता. त्या इथल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांनी पुढे जे लिहून ठेवलं ते वाचताना आमची पोरगी खो खो हसते आणि मला घाम फुटतो.

साडेअकरा झाले. उद्याचं काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

बोललो. कागद खिशातच राहिला. शिष्याने मरियेला घरी नेलं, पण ते घर कोण चालवत होतं ते आपल्याला माहीत नाही, असं म्हणालो. मी आईला आणलं असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो; तिला सांभाळणारी आत्ता इथे नाही, ती घरी आईची ओली चादर बदलत असेल, असंही म्हणालो. आवाज भरून आला. मागच्या बाकावर कुणीतरी नाक ओढलं. तीन वाजता उपास सोडायचं लिंबूपाणी घेताना चौघांनी येऊन हात हातात घेतले. "ब्रदर, काय नम्रपणा! मोठी साक्ष दिलीत."

घरी पोचेपर्यंत मी हवेत होतो. दारात हिचा चेहरा बघून खाली आलो. महिला मंडळातून कुणाचा तरी फोन माझ्याआधी पोचला होता.

"ओली चादर बदलते ते सगळ्या चर्चला सांगितलंत?"

"तुझं कौतुकच केलं."

"कौतुक माझं, शाबासकी तुम्हाला. आणि आईंचं अंथरूण ओलं होतं हे शेवटच्या बाकापर्यंत कळलं. त्यांना विचारलं होतंत?"

आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने ऐकलं असावं.

माझं हे पहिल्यांदा झालेलं नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, मी ठरवलं होतं, यंदाच्या चाळीस दिवसांत नुसतं मटण सोडण्याऐवजी स्वयंपाकघरात हात लावायचा. कंपनीत आम्हाला फाइव्ह एस शिकवलंय, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला वस्तू. एका रविवारी ही ड्यूटीवर असताना मी मांडणीवरचे सगळे डबे उतरवले, घासले, पुसले, उंचीप्रमाणे लावले आणि एकेकावर लेबल चिकटवलं. कंपनीतल्या ऑडिटमध्ये शंभर मार्क मिळाले असते. संध्याकाळी दमून आलेल्या बाईला फोडणीच्या वेळी मोहरी सापडेना. तेल तापून धूर निघाला, आई खोकायला लागली, आणि मी ओट्यापाशी उभा राहून लेबलकडे बोट दाखवतोय, "हे काय, लिहिलंय की!"

आज रात्री योहान १३ पुन्हा वाचलं. त्यात प्रभू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र या शिष्याचं मला नेहमी हसू येतं. आधी म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत. प्रभूने समजावल्यावर म्हणतो, मग नुसते पायच नकोत, हात आणि डोकंही धू. दोन्ही वेळा सूचना हाच देतोय. गुरू टॉवेल बांधून खाली बसलाय आणि हा वरून सांगतोय, धुवायचं कसं. माझं त्याच्याही पुढचं. मी टॉवेल बांधून खाली बसतो, आणि तिथूनही सुपरवायझरच असतो.

झोपण्याआधी हिला विचारलं, "मग मी करू तरी काय?"

"हे रोज विचारू नका. रोज सांगत बसणं हेही कामच आहे. एकदा सांगते, लिहून घ्या."

लिहून घेतलं. रात्री दोनला आईला कमोडवर बसवायचं, नाहीतर पहाटे अंथरूण ओलं होतं. चादरी सकाळी मशीनला लावून गच्चीवर टाकायच्या. पाठीवर कुठे लाल दिसतंय का ते रोज बघायचं, दिसलं तर तिला सांगायचं, आपल्या मनाने मलम लावायचं नाही. आणि ईस्टरला पहाटेच्या उपासनेला तिला जायचंय, एकटीला.

शनिवार, १९ एप्रिल

शरणपूर रोडवर मेडिकलमध्ये डायपर आणायला गेलो. दुकानदाराने साइज विचारली आणि मी नुसता उभा. तीन महिन्यांत पहिल्यांदा आलो होतो.

शरणपूरची एक गोष्ट मी संडे स्कूलच्या पोरांना कितीदा सांगितली असेल. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या मिशनच्या शाळेत शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत परत गेला. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन तिकडे वारले, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांचा देह खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेला. दीड हजार किलोमीटरच्या आसपासची वाट, आठ-नऊ महिने. जेकब त्यांच्यात होता, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळीही होता. ही गोष्ट सांगताना माझी छाती फुगते. आपल्या नाशिकचा पोरगा!

आणि मला माझ्या आईच्या डायपरची साइज माहीत नाही. हिला फोन लावला. "लार्ज. आणि पँटवालं नको, चिकटपट्टीवालं." मागे उभ्या असलेल्या माणसाला सगळं ऐकू गेलं, त्याने शहाण्यासारखं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दुपारी हिने उचलायचं शिकवलं. काखेत हात घालून ओढायचं नाही. बाजूला उभं राहायचं, आईचा हात आपल्या खांद्यावर घ्यायचा, "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तिला स्वतःला उठू द्यायचं. आपण फक्त टेकू. मी दोनदा घाई केली. "अहो, पोतं नाहीये ते." आई पहिल्यांदाच हसली.

रविवार, २० एप्रिल, पहाट

दोनचा अलार्म लावला होता, पण पावणेदोनपासून जागाच होतो. आतल्या खोलीत गेलो. आई जागी होती.

"तिला उठव."

"झोपलीये ती. चारला उठायचंय तिला. मी आहे ना."

"तू नको. राहू दे, सकाळी बघू."

शुक्रवारच्या आधीचा मी असतो तर म्हणालो असतो, आई, लाजायचं काय त्यात, मी तुझा मुलगा. आणि उचललीच असती. पण एकोणऐंशी वर्षांची बाई मुलासमोर लुगडं वर करायला तयार नाही, त्यात माझ्या सेवेने काय अडवून धरायचं? हिला उठवायचं नाही, आईला ओढायचं नाही, आणि अंथरूण ओलं होऊ द्यायचं नाही. कागदावर लिहिलेल्यातलं काही उपयोगी पडेना. कॉटशेजारी फरशीवर बसलो. पंख्याचा आवाज. लांब कुठेतरी कुत्री भुंकत होती. पाचेक मिनिटं गेली असतील.

"लाइट बंद कर," आई म्हणाली.

केला.

"आणि तोंड तिकडे."

अंधारात तिचा हात माझ्या खांद्यावर आला. एक, दोन, तीन मी मोजले की तिने, आठवत नाही. ती उठली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. परत झोपवल्यावर पांघरूण ओढताना म्हणाली, "चर्चमध्ये परवा माझ्या चादरीचं सांगितलंस म्हणे."

"चुकलं माझं."

"हं," म्हणाली आणि कूस बदलली.

साडेचारला ही पांढरी साडी नेसून गेली. जाताना आईच्या खोलीत डोकावली, अंथरुणाला हात लावून बघितला, काही बोलली नाही. साडेपाचला आईने चहा मागितला. आधण ठेवलं, पत्ती टाकली. 'साखर' लिहिलेला डबा उघडला तर आत मोहरी. हिने केव्हातरी सगळं पुन्हा तिच्या पद्धतीने लावून टाकलंय, लेबलं तशीच ठेवून. रवा बघितला, पोहे बघितले. साखर 'मूगडाळ'मध्ये सापडली.