सहावं जनावर आलं, आणि पांडानं घाम फोडला

प्राँगहॉर्न मिळाला! कॅनडाच्या टांकसाळीची चांदीच्या नाण्यांची वन्यप्राणी मालिका अखेर पूर्ण झाली. 2011 चे लांडगा आणि ग्रिझली अस्वल, 2012 चे प्यूमा आणि मूस, 2013 चे प्राँगहॉर्न आणि वुड बायसन. प्राँगहॉर्न दिसतो हरणासारखा, पण हयात प्राण्यांत त्याचं जवळचं नातं जिराफाशी आहे. नाणी प्रत्येकी 10 लाखांपर्यंत पाडलेली, तेव्हा 'अतिदुर्मिळ' म्हणणाऱ्या विक्रेत्याला लांबूनच नमस्कार करावा.

ग्रिझलीवर मात्र दुधी डाग उमटलेत. पुसायला हात शिवशिवले, पण आवरलं. पुसून चांदीवर ओरखडे पडले की संग्राहक ते नाणं मोडीच्या भावातच मागतो.

आता पांडा, म्हणजे चीनचं चांदीचं नाणं. नवं नाणं काट्यावर ठेवलं तर 30 ग्रॅम! बाकी सगळी एक औंसाची, म्हणजे 31.1 ग्रॅम भरणारी. पोटात गोळा आला. चुंबक लावला, चिकटला नाही; पण तो शिशालाही चिकटत नाही, म्हणजे जीव भांड्यात पडायचं कारण नव्हतं. व्यास मोजला, 40 मिमी, बरोबर. तासभर असं डोकं खाजवल्यावर भिंग घेऊन अक्षरं वाचली. वजन नाण्यावरच लिहिलेलं होतं. 2016 पासून चीननं औंस सोडून ग्रॅम धरले, हे वाचलेलं होतं, ऐनवेळी आठवलं नाही, इतकंच.

नाणं खरं निघालं, हिशेब मात्र माझा खोटा होता. मी नगाला नग लावून भाव ताडत होतो आणि पांडात चांदीच सुमारे 3.5 टक्के कमी. वहीत आता नगाऐवजी ग्रॅमचा भाव लिहितो.

त्या नादात डबेही वेगळे केले. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ टांकसाळीच्या 2016 पासूनच्या कांगारूचं चित्र दरवर्षी तेच असतं, म्हणून तो वजनाच्या डब्यात. चांदीच्या भावापेक्षा फार वर मोजायचे नाहीत. कुकाबुरा, म्हणजे खंड्याचाच थोरला भाऊबंद, दरवर्षी नव्या चित्रात येतो. त्याच्यासाठी थोडे जास्त मोजायला माझी ना नाही. कोआला अजून कोणत्याच डब्यात बसत नाही, तो टेबलावरच आहे.

1990 चा पहिला कुकाबुरा एका लिलावात दिसतोय. फोटोत काठ दाखवलेला नाही. काठाचा आणि काट्यावरच्या वजनाचा फोटो मागितलाय.